आधी क्राउन-पिनियन मोजा, मग इंजिन निवडा

रावेर तालुक्यातल्या एका केळी उत्पादक वाचकांचं पत्र आहे. त्यांच्याकडे 1990 च्या दशकातली महिंद्रा आर्माडा आहे. ओढ फक्त मागच्या चाकांना, पुढे पाटे, 2112 सीसीचं प्यूजो डिझेल आणि 4 गिअरची पेटी. इंजिन निळा धूर सोडतं आणि ऑइल पितं. पालच्या चढाला पाच माणसं बसली की गाडी दुसऱ्या गिअरवर येते. अंकलेश्वर–बऱ्हाणपूर रस्त्यावर 70 च्या पुढे गेलं की इंजिन किंचाळतं. जळगावचे मिस्तरी म्हणतात, स्कॉर्पिओचं सीआरडीई, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं डिझेल इंजिन, टाका. भाचा म्हणतो, बोलेरोचं डीआय टर्बो टाका. गाडी वडिलांची आहे, विकायची नाही. पत्राच्या शेवटी ते विचारतात, "भाऊ, कोणतं इंजिन आणि कोणती गिअरबॉक्स, ते एकदाच स्पष्ट सांगा."

भाऊ, स्पष्टच सांगतो. सीआरडीई घेऊ नका. आरटीओनं लेखी होकार दिला तर बोलेरोचं 2523 सीसीचं डीआय टर्बो घ्या, तेही त्याच गाडीच्या 5 गिअरच्या पेटीसकट. होकार मिळाला नाही, तर तुमचंच 2112 नीट बांधून घ्या आणि त्याला 5 गिअरची पेटी लावा. पण या दोन्हींच्या आधी एक काम करायचं आहे. त्याला पैसे लागत नाहीत, आणि तेच काम बहुतेक जण करत नाहीत.

तुमच्या दोन तक्रारी आहेत आणि त्यांची कारणं वेगळी आहेत. चढाला गाडी मरते ती टॉर्क कमी म्हणून, आणि इंजिन झिजलंय म्हणून. रस्त्यावर किंचाळते ती गिअरिंगमुळे. नुसतं इंजिन बदललं तर दुसरी तक्रार तशीच राहील. डीआय टाकलं तर ती वाढेल. कसं, ते बघा.

तुमचं प्यूजो इंजिन 90 मिमी बोअर आणि 83 मिमी स्ट्रोकचं आहे. ते 4500 आरपीएमपर्यंत फिरतं. बोलेरोचं डीआय 88.9 बाय 101.6 मिमीचं, लांब स्ट्रोकचं, मूळ ट्रॅक्टरच्या घराण्यातलं. त्याची धाव 3200 आरपीएमला संपते. जुन्या प्यूजो गाड्यांना मागे क्राउन-पिनियन, म्हणजे मागच्या अ‍ॅक्सलमधली शाफ्टची फिरकी चाकांना देणारी दातांची जोडी, जड ओढीचं दिलेलं असतं, कारण इंजिन जास्त फिरणार हे धरलेलं होतं. त्याच क्राउनपुढे कमी फिरणारं इंजिन बसवलं की ताकद वाढते, पण वेग अडकतो.

म्हणून आधी क्राउन मोजा. सपाट सिमेंटवर गाडी उभी करा, पुढच्या चाकांना दगड लावा, गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक सोडलेला. मागचं एकच चाक उचला आणि अ‍ॅक्सलखाली घोडी लावा, नुसत्या जॅकवर भरवसा नको. प्रॉपेलर शाफ्टवर (पेटीतून मागे जाणाऱ्या दांड्यावर) आणि हाउसिंगच्या, म्हणजे क्राउन बसलेल्या मागच्या गोळ्याच्या, तोंडावर खडूची एकेक रेघ मारा. एक माणूस चाक फिरवेल, दुसरा खाली शाफ्टचे फेरे मोजेल. एकच चाक उचललेलं असताना चाकाचे दोन फेरे म्हणजे क्राउनचा एक फेरा, हे लक्षात ठेवा. अर्ध्यापाव फेऱ्याची चूक होऊ नये म्हणून चाकाचे पूर्ण 20 फेरे द्या. क्राउनच्या एका फेऱ्याला शाफ्टचे जितके फेरे तो रेशो, आकडा मोठा तितकं क्राउन जड ओढीचं. शाफ्टचे 54 च्या जवळ आले तर रेशो 5.38, 49 च्या जवळ आले तर 4.88, आणि 43 च्या जवळ आले तर 4.27. मग टायरला खडूनं खूण करून, नेहमीचा भार ठेवून गाडी एक फेरा पुढे ढकला आणि जमिनीवरचं अंतर टेपनं मोजा. 215/75 आर15 टायर असेल तर ते 2.14 मीटरच्या आसपास येईल.

आता हिशेब. 4.88 चं क्राउन आणि 2.14 मीटरचं चाक असेल तर चौथ्या, म्हणजे सरळ गिअरमध्ये 3200 आरपीएमला वेग येतो 84. डीआयची तिथं हद्द झाली. तुमचं प्यूजो तेवढ्याच क्राउनवर 4500 ला 118 दाखवू शकतं, किंचाळत का होईना. पाचवा गिअर साधारण 0.83 चा धरला तर डीआयची हद्द 101 होते आणि 2500 आरपीएमला आरामात 79 ची चाल मिळते. 5.38 चं क्राउन निघालं तर पाचव्यातही 2500 ला फक्त 72. 4.27 असेल तर 2500 ला 90. म्हणजे तुमच्या गाडीला डीआय शोभेल की नाही, हे इंजिनावर नाही, मागच्या हाउसिंगवर ठरतं. 5.38 निघालं तर डीआयसोबत 4.27 चं क्राउन-पिनियन बसवण्याचा खर्च आधीच धरा.

क्राउन हलकं केलं तर चढाला ताकद कमी पडेल ही भीती बाळगू नका. तुमच्या 2112 चा टॉर्क सुमारे 120 न्यूटन मीटर, डीआय टर्बोचा सुमारे 180, तोही दीड हजार आरपीएमच्या आसपास. दीडपट झाला. 4.88 वरून 4.27 वर आलात तरी त्याच गिअरमध्ये चाकावरची ओढ आजच्यापेक्षा तीस टक्क्यांनी जास्तच राहते. पालच्या घाटात गाडी दुसऱ्याऐवजी तिसऱ्यात चढेल, ती या दीडपटीमुळे. 62 वरून 63 अश्वशक्तीच होते, ताकदीच्या आकड्यात काहीच फरक नाही. भंगार बाजारात हॉर्सपॉवर विचारत फिरणारे इथंच फसतात.

क्राउन-पिनियन बदलायचं तर जोडीनंच, आणि हातानं हलवून "बरोबर बसलंय" म्हणणाऱ्याकडून नाही. डायल गेज लावून बॅकलॅश, म्हणजे दातांमधली मोकळीक, बघणारा माणूस हवा. या धाटणीच्या हाउसिंगला तो साधारण 0.13 ते 0.23 मिमी लागतो. शिवाय दातांवर रंग लावून उमटलेला ठसा मधोमध आहे का, ते स्वतः डोळ्यांनी बघा. ठसा टोकाला असेल तर दोनएक हजार किलोमीटरमध्ये हाउसिंग रडायला लागतं.

आता बाकीच्या निवडींबद्दल.

2498 सीसीचं प्यूजो, म्हणजे एक्सडी3पी, हा तुम्ही न विचारलेला पण चांगला पर्याय. 94 बाय 90 मिमी, सुमारे 72 अश्वशक्ती, तुमच्याच इंजिनाचा थोरला भाऊ. बसायला सगळ्यात सोपं. अडचण सुट्या भागांची. डीआयचे लायनर, पिस्टन, गॅस्केट ट्रॅक्टरचं सामान विकणाऱ्या दुकानातही सापडतात आणि सावदा-फैजपूरच्या ट्रॅक्टर मिस्तरीला ते इंजिन नवखं नसतं. प्यूजोचं सामान शोधावं लागतं. त्याच्याबरोबर येणारी 5 गिअरची पेटी बहुधा प्यूजोची बीए10 असते. हीच पेटी अमेरिकेत जीप चेरोकीला 1987 ते 1989 दिली होती आणि 4 लिटरच्या इंजिनापुढे ती टिकली नाही, 1989 मध्ये तिच्या जागी आयसिनची पेटी आली. तुमच्या 2112 च्या किंवा 2498 च्या टॉर्कला ती पुरते, पण डीआय टर्बोच्या मागे जोड-प्लेट बनवून बीए10 लावायची कल्पना कोणी सुचवली तर नाही म्हणा.

सीआरडीई 2609 सीसीचं, 115 अश्वशक्तीचं आहे. इंजिन चांगलंच आहे, वाद नाही. पण ते एकटं येत नाही. ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), पूर्ण वायरिंग, चावीचा इमोबिलायझर, सेन्सरचं पॅडल, क्रँक आणि कॅमचे सेन्सर, रेलचा दाब, पाणी वेगळं करणारा फिल्टर, हे सगळं त्याच गाडीतलं आणि धडधाकट लागतं. एक वायर उंदरानं कुरतडली तर गाडी शेतात उभी राहते आणि स्कॅनर असलेला माणूस येईपर्यंत हलत नाही. शेतावर ड्रममधलं डिझेल टाकणाऱ्याच्या गाडीत थोडं जरी पाणी गेलं तरी कॉमन रेलचे इंजेक्टर जातात. आणि जवळपास दुप्पट ताकद झेलायला तुमचे मागचे अ‍ॅक्सल आणि ब्रेक बनवलेले नाहीत.

गिअरबॉक्सबद्दल एकच नियम कडक पाळा. इंजिन, फ्लायव्हील, क्लच, बेल हाउसिंग (इंजिन आणि पेटी जोडणारं घंटेसारखं आवरण) आणि पेटी हे पाचही एकाच गाडीतले, एकमेकांना जोडलेलेच घ्या. सोडवून वेगवेगळे विकत असतील तर दुसरा विक्रेता बघा. वेगवेगळ्या गाड्यांचे जुळवले की पुढची दुखणी सुरू होतात: क्लचप्लेटच्या स्प्लाइनचे दात इनपुट शाफ्टला जुळत नाहीत, शाफ्टचं नाक क्रँकमधल्या पायलट बेअरिंगपर्यंत पोचत नाही आणि काही महिन्यांत गिअर आपोआप सुटायला लागतो, बेल हाउसिंगचं भोक क्रँकच्या मध्याशी तंतोतंत येत नाही आणि पेटीचं पुढचं बेअरिंग ओरडतं. तिसरं दुखणं सगळ्यात वाईट, कारण वरून सगळं घट्ट बसलेलं दिसतं. लेथवर बनवलेली जोड-प्लेट असेल तर डायल फ्लायव्हीलवर उभा करून हाउसिंगच्या भोकात फिरवून बघितलाच पाहिजे. सुई एकूण पाव मिलिमीटरपेक्षा जास्त हलली तर ती प्लेट नको.

पेटी घेण्याआधी पाचवा गिअर टाकून इनपुट शाफ्टचे 10 फेरे द्या आणि बाहेरच्या फ्लँजचे मोजा. 12 आले तर 0.83, वरचा हिशेब तसाच चालेल. वेगळे आले तर आकडा बदलून पुन्हा मांडा. जुनं ऑइल वर्तमानपत्रावर ओता. पितळेची सोनेरी भुकटी थोडी चालते, लोखंडाचे खवले नकोत. पितळी सिंक्रो रिंगच्या पेटीत पुढे जीएल-4 चं 80डब्ल्यू-90 भरा. जीएल-5 हाउसिंगसाठी आहे, त्यातली रसायनं गरम पेटीत पितळ खातात.

इंजिन चालू करून दाखवत नसतील तर घेऊ नका. गार असताना स्वतः हात लावून बघा, आधीच तापवून ठेवलेलं नको. ऑइलचं झाकण काढून चालू इंजिनावर उलटं ठेवा. हलकंसं थरथरलं तर ठीक, उडून पडलं तर रिंगा गेल्यात. पूर्ण तापल्यावर आयडलला ऑइलचा दाब बघा. टर्बोची फिरकी बोटानं हलवा, थोडं आडवं हलणं चालतं, मागेपुढे हलणं नको. आणि ब्लॉकवर ठोकलेला नंबर कागदाशी ताडून बघा. खरवडलेला किंवा पुन्हा ठोकलेला वाटला तर कितीही स्वस्त असो, तिथून निघा.

गाडीत बसवताना चार-पाच ठिकाणी काम अडतं, ते आधीच सांगून ठेवतो. डीआयचा स्ट्रोक लांब म्हणजे ब्लॉक उंच, त्यात टर्बो. बॉनेट बंद होतं का ते इंजिन लटकवून, रबर बसवायच्या आधी बघा. सम्पची, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीची, खोल बाजू पुढच्या अ‍ॅक्सलवर येत असेल तर पाटे पूर्ण दबल्यावर धडकेल, त्यामुळे चेसिस बंपरब्लॉकपर्यंत दाबून मोजा. इंजिन जड आहे, पुढचे पाटे बसलेले असतील तर आधी ते करून घ्या. फाउंडेशनचे (इंजिन धरणारे) ब्रॅकेट चेसिसच्या वरच्या-खालच्या ओठांवर वेल्ड करू नका, उभ्या बाजूला प्लेट लावून बोल्टनं धरा. ओठावरच्या वेल्डपाशी चेसिसला भेग जाते.

प्रॉपेलर शाफ्टची लांबी बदलणारच. गाडी स्वतःच्या चाकांवर, नेहमीच्या भारानं उभी असताना माप घ्या आणि सरकत्या तोंडात आत जायला 20 ते 25 मिमी जागा सोडा. पेटीच्या फ्लँजचा कोन आणि हाउसिंगच्या फ्लँजचा कोन एकमेकांना समांतर हवेत, फरक एका अंशाच्या आत. मोबाइलमधल्या लेव्हलनंही हे बघता येतं. दोन्ही क्रॉसवर, म्हणजे शाफ्टच्या टोकांच्या सांध्यांवर, 1 ते 3 अंशांचा कोन पडू द्या. शून्य ठेवला तर क्रॉसच्या सुया एकाच जागी घासतात. शाफ्ट कापून जोडला की बॅलन्स केल्याशिवाय लावू नका.

ब्रेकसाठी व्हॅक्यूम कुठून येणार हे विसरू नका. डिझेलला व्हॅक्यूम पंप लागतो आणि या गाड्यांत तो बहुधा अल्टरनेटरच्या मागे असतो, त्याला इंजिनातून ऑइलची नळी येते आणि परत जाते. इंजिनाबरोबर अल्टरनेटर पंपासकट घ्या, नळ्या नव्या टाका. परतीची नळी दबली तर पंप अडकतो आणि उतारावर पॅडल दगड होतं. क्लच तारेचा होता आणि नवा तेलाचा असेल तर पॅडलसकट मास्टर आणि खालचा सिलिंडर आणा. ती नळी टर्बोच्या सायलेन्सरपासून चार बोटं तरी लांब ठेवा. एअर फिल्टर बोलेरोचाच, मोठ्या पाइपासकट. तुमच्या शिवारातली उन्हाळी माती टर्बोच्या पात्या वाळूकागदासारखी घासते.

आणि आता उष्णतेचं. भुसावळ-रावेर पट्ट्यात मे महिन्यात 45 अंश ही नेहमीची गोष्ट. जुना रेडिएटर टर्बो इंजिनाला पुरणार नाही, ज्या गाडीतून इंजिन आलं तिचाच घ्या किंवा तुमच्या टाक्या ठेवून जास्त रांगांचा तांब्या-पितळेचा कोर बसवून घ्या. फॅनभोवतीचं आवरण हवंच, पात्यांचा निम्मा भाग त्याच्या आत आणि सभोवती बोटभर फट. आवरण नसेल तर फॅन रेडिएटरमधून हवा ओढण्याऐवजी बाजूची गरम हवाच गोल फिरवतो. आपल्याकडे गाडी तापली की पहिला सल्ला मिळतो, थर्मोस्टॅट काढून टाका. तो ऐकू नका. थर्मोस्टॅट नसला की बरंचसं पाणी बायपासनं इंजिनातच फिरतं, रेडिएटरपर्यंत जातच नाही, आणि थंडीत इंजिन कधी नीट तापत नाही. शंका असेल तर पातेल्यात पाणी, थर्मामीटर आणि थर्मोस्टॅट ठेवून उकळवा. त्यावर कोरलेल्या आकड्याला तो उघडायला लागला पाहिजे. रेडिएटरमध्ये बोअरचं खारं पाणी घालू नका. कूलंट डिस्टिल्ड पाण्यात मिसळून घाला. बोअरच्या पाण्याचा थर दोन उन्हाळ्यांत नवा कोरही बुजवतो.

कागदाचं शेवटी लिहिलं असलं तरी करायचं सगळ्यात आधी. मोटार वाहन अधिनियम 1988 च्या कलम 52 प्रमाणे निर्मात्यानं मुळात दिलेला तपशील आणि आरसीतला तपशील यांत तफावत पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं 9 जानेवारी 2019 च्या निकालात हे पुन्हा ठासून सांगितलं. 2019 च्या दुरुस्तीनं आलेल्या कलम 182अ प्रमाणे बेकायदा बदलाला 6 महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड, किंवा दोन्ही. आरसीत इंजिन नंबरबरोबर सीसीही असते. त्यामुळे 2112 च्या जागी दुसरं 2112 हा सरळ मार्ग, 2498 किंवा 2523 हा विचारून जायचा मार्ग. इंजिनाला बयाणा देण्याआधी जळगावच्या आरटीओत लेखी अर्ज द्या, त्यात गाडीचा, जुन्या आणि नव्या इंजिनाचा तपशील लिहा, आणि उत्तरही लेखीच घ्या. "आमच्याकडे सगळे असंच करतात" हे गॅरेजवाल्याचं वाक्य अपघातानंतर विमा कंपनीसमोर चालत नाही. इंजिनाचं पक्कं बिल, विकणाऱ्याच्या आरसीची प्रत आणि ती गाडी मोडीत काढल्याचा दाखला ही तिन्ही घ्या. मंजुरी मिळून बदल झाला की विमा कंपनीलाही लेखी कळवा.

नकार आला तर निराश होऊ नका, खरंच. पेटीचे गिअर आरसीत लिहिलेले नसतात. 2112 नीट बांधलं, बोअर, रिंगा, व्हॉल्व्ह, पंप आणि नोजल कॅलिब्रेट केले आणि मागे 5 गिअरची प्यूजो पेटी लावली, आणि तिचा पाचवाही 0.83 च्या आसपास निघाला, तर 4.88 च्या क्राउनवर 80 ला आज जिथं 3040 आरपीएम लागतात तिथं 2520 पुरतील. किंचाळणं थांबेल, निळा धूर जाईल. पालचा चढ तिसऱ्यातून नाही होणार, पण दुसऱ्यात अडखळणारही नाही. वडिलांची गाडी वडिलांच्याच इंजिनावर चालेल, आणि नकार मिळालेला दुसरा कोणी असता तरी त्यालाही आम्ही हेच सांगितलं असतं.

या रविवारी भाच्याला घेऊन गाडी घोडीवर घ्या. चाकाच्या 20 फेऱ्यांना शाफ्टचे किती फेरे आले, टायर एका फेऱ्यात किती मीटर गेला, आणि रेडिएटरपासून फॅनच्या पात्यापर्यंत किती जागा आहे, हे तीन आकडे आम्हाला लिहून पाठवा. त्यावरून क्राउन बदलावं लागेल की नाही, ते पुढच्या अंकात नेमकं सांगतो.